चिनी किमयागार अमृत करायला बसले आणि विष का खात राहिले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: चीनच्या सम्राटांनी अमर होण्यासाठी पाऱ्याच्या गोळ्या खाल्ल्या आणि त्यातच ते गेले, हे खरं का? खरं असेल, तर एवढी शहाणी माणसं हजार वर्षं तीच चूक का करत राहिली? हे सगळं थोतांडच होतं का? आणि पारा, धातू, खनिजं यांची औषधं करणाऱ्या आपल्या आयुर्वेदातल्या रसशास्त्राशी याचं काही नातं आहे का?

मी वैद्य आहे. रसशास्त्र शिकवण्यात आणि त्याहून जास्त वेळ भट्टीपुढे बसण्यात माझी तीसेक वर्षं गेली. ताओपंथी किमयागारांचे ग्रंथ मी भाषांतरांतूनच वाचले आहेत. पण त्यांतल्या कृती वाचताना परक्या वाटत नाहीत, कारण त्यांतली बरीचशी कामं माझ्या हातांनी केलेली आहेत. म्हणून सम्राटांकडे नंतर वळतो. आधी मडक्यात काय होतं ते सांगतो, कारण चूक तिथूनच सुरू होते आणि ती चूक मूर्खपणाची नव्हती.

हिंगूळ घ्या. लालभडक, जड दगड. लिंबाच्या रसात खलून त्याची चकती करा, वाळवा, मडक्यात ठेवा. त्यावर दुसरं मडकं पालथं घाला, सांधा कापडमातीने बंद करा, वरच्या मडक्याच्या बुडावर ओला फडका ठेवा आणि खालून विस्तव लावा. याला आम्ही डमरूयंत्र म्हणतो. दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर उघडलं की वरच्या मडक्याच्या पोटाला काजळीसारखं काहीतरी चिकटलेलं दिसतं. ते फडक्याने चोळलं की त्यातून चांदीचे मणी घरंगळतात. लाल दगडातून पाणी निघालं, तेही धातूचं.

आता उलटा प्रवास. तो पारा गंधकाबरोबर खलात घोटत राहा. चकाकी गेली, काळी मऊ कज्जली झाली, की ती काचेच्या कूपीत भरा. कूपीला कापडमातीचे सात थर द्या, ती वाळूच्या भांड्यात पुरा आणि आधी मंद, मग मध्यम, मग तीव्र आच द्या. शेवटी कूपी फोडता तेव्हा तिच्या गळ्याशी लाल खडा जमलेला असतो. दगडाचं पाणी झालं होतं, पाण्याचा पुन्हा दगड झाला. मला मर्क्युरिक सल्फाइड म्हणजे काय ते परीक्षेपुरतं पाठ होतं, तरी पहिल्यांदा तो लाल खडा हातात घेतला तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही. ज्याला रसायनशास्त्र ठाऊकच नाही अशा माणसाला हे पाहून काय वाटलं असेल, याचा विचार करा.

ग हुंग नावाच्या विद्वानाला (इ.स. २८३ ते ३४३) काय वाटलं ते त्याने लिहून ठेवलं आहे. त्याचा ‘बाओफूझ’ हा ग्रंथ ३१७च्या सुमाराचा. तो म्हणतो, वनस्पती जाळली की राख होते. हिंगूळ जाळला की पारा होतो आणि पुढच्या रूपांतरांनंतर तो पुन्हा हिंगूळ होतो. सोनं शंभर वेळा आगीत घाला, कमी होत नाही. जमिनीत पुरा, कुजत नाही. मग जी मुळी स्वतः कुजते ती तुम्हाला काय टिकवणार? जे नाश पावत नाही ते शरीरात घाला, म्हणजे शरीरही नाश पावणार नाही.

यातलं निरीक्षण अचूक आहे, चुकलं ते अनुमान. आपल्या ‘यथा लोहे तथा देहे’मध्येही (जे धातूला लागू ते देहालाही) हीच उडी आहे, त्यामुळे हसण्याचा अधिकार आपल्याला नाही.

इथे एक बारकावा आहे, जो सहसा कोणी सांगत नाही. ग हुंगच्या त्या वाक्यात पारा परत लाल होताना गंधकाचं नाव नाही. आता नुसता पारा, गंधकाशिवाय, हवा लागेल अशा भांड्यात साडेतीनशे अंशांच्या आसपास दिवसेंदिवस तापवत ठेवला, तर त्यावर हळूहळू लाल भुकटी धरते. ती हिंगूळ नव्हे, पाऱ्याचा ऑक्साइड. आच आणखी वाढवली की ती फुटून पुन्हा पारा होते. रंग लाल, मूळ पारा, आणि परत पाऱ्यात जाणंही तसंच. डोळ्याला दोन्ही ‘परत आलेला हिंगूळ’च. पोटाला मात्र फरक कळतो. खरा हिंगूळ जठराच्या आम्लात जवळजवळ विरघळत नाही, ऑक्साइड विरघळतो. म्हणजे दगड तसाच गिळणारा कदाचित निभावून जाई, आणि महिनोन् महिने खपून ‘शुद्ध’ केलेला लाल चूर्ण घेणारा मरे. जितकी मेहनत जास्त तितकं विष तेज, असा उलटा हिशोब अनेकदा झाला असणार.

या विद्येचं चिनी नाव वायदान. ‘वाय’ म्हणजे बाहेरचं. ‘दान’चा आपल्या दानधर्माशी संबंध नाही, दान म्हणजे हिंगूळ, लाल रंग, आणि त्यावरून अमृतवटी. बाहेर, भट्टीत सिद्ध होणारं ते वायदान. पुढे शरीराच्या आतच, श्वास आणि ध्यानाने ‘अमृत’ सिद्ध करणारी विद्या आली, ती नेयदान.

आता सम्राट. पहिल्यांदा एक गैरसमज दूर करतो. चीन एक करणारा छिन शी हुआंग पाऱ्याच्या गोळ्या खाऊन मेला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. इतिहासकार सिमा छियान तसं कुठेही म्हणत नाही. सम्राटाने इ.स.पू. २१९ मध्ये शू फू याला पूर्वसमुद्रातल्या अमरांच्या बेटांकडे धाडलं, बेटं काही सापडली नाहीत, आणि इ.स.पू. २१० मध्ये दौऱ्यावर असताना तो वारला, एवढंच त्यात आहे. त्याच्या थडग्यात पाऱ्याच्या नद्या केल्या होत्या, हे मात्र तो सांगतो, आणि त्या टेकाडाच्या मातीत पाऱ्याचं प्रमाण खरोखरच जास्त आढळलं आहे. हुनान प्रांतात लीये इथल्या विहिरीत २००२ मध्ये सापडलेल्या लाकडी पट्ट्यांवर त्याच्या काळचा सरकारी पत्रव्यवहार आहे. अमरत्वाचं औषध शोधा असा हुकूम खेड्यापाड्यांपर्यंत गेला होता, हे त्यातून दिसतं. पण तो शोध वनस्पतींचा आणि बेटांचा होता. भट्टी अजून आली नव्हती.

भट्टी दिसते ती इ.स.पू. १३३ मध्ये. ली शाओजून हान सम्राट वू याला सांगतो: चुलीच्या देवतेची पूजा करा, हिंगुळाचं सोनं होईल, त्या सोन्याची भांडी करून त्यात जेवा, आयुष्य वाढेल. इथे अजून खायचं काही नाही, फक्त भांडी. भांड्यातून पोटात यायला आणखी थोडा काळ गेला. त्याच्या अकरा वर्षं आधी नकली सोनं करणाऱ्याला देहदंड, असा फतवा निघालेला होता. म्हणजे हा धंदा किती बोकाळला होता याचा अंदाज येतो.

प्रत्यक्ष कृती कशी होती? ‘नऊ अमृतवट्यां’च्या परंपरेतलं पाहू. मातीची मूस घ्यायची. तिला ‘सहा-आणि-एक’ नावाच्या चिखलाचा लेप द्यायचा. सहा अधिक एक म्हणजे सात वस्तू: तुरटी, दोन जातींची मिठं, सोमल (म्हणजे आर्सेनिक), शिंपल्यांचं चूर्ण, लाल माती आणि शंखजिऱ्यासारखा मऊ दगड. आतबाहेर लेप, उन्हात वाळवण, माल भरायचा, दोन मुशी तोंडाला तोंड लावून सांधा बुजवायचा. मग भाताच्या तुसाची किंवा घोड्याच्या लिदीची आग, आधी दूर, मग जवळ, मग थेट अंगाला. छत्तीस दिवस. वर चढलेलं, फुलासारखं जमलेलं द्रव्य पिसाने उतरवून घ्यायचं.

तूस आणि लीद वाचल्यावर मला माझ्या गोवऱ्या आठवल्या. हे इंधन गरिबी म्हणून नव्हतं. त्याची आच मंद, एकसारखी आणि लांब चालणारी असते, आणि पारा उडून जाऊ द्यायचा नसेल तर तीच हवी. चिखल सात वस्तूंचा का, यावर जाडजूड प्रतीकार्थ लिहिले गेले आहेत. ते असतीलही. पण सांधा फुटला की काय होतं ते ज्याने पाहिलं आहे, तो चिखलावर एवढा खल का केला हे विचारत नाही. माझी एक कूपी अशीच गेली. गंधक उडून कूपीच्या तोंडाशी गोठत असतो, म्हणून तापलेली सळई मधूनमधून आत फिरवून तोंड मोकळं ठेवावं लागतं. रात्रपाळीला बसलेल्या विद्यार्थ्याला डोळा लागला. तोंड बुजलं, आणि पहाटे स्फोट झाला. वाळू छताला. कोणाला लागलं नाही म्हणून निभावलं. दोन महिने आम्ही तिथे काम केलं नाही.

कृतीच्या आजूबाजूला कडक पथ्यं होती. डोंगरात एकांत, आधी अनेक दिवसांचं व्रत, शुभ दिवस, गुरूपुढे शपथ, देवांना सोन्याची प्रतिमा. कुत्रं-कोंबडं जवळ नको, अविश्वासू माणसाची नजर नको. आपल्या रसशाळेच्या वर्णनातही हे सगळं आहे. गुप्ततेचं एक व्यावहारिक कारणही होतं, पण ते पुढे येईल.

आता मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतो तो भाग. खनिजं जमिनीच्या पोटात वाढतात, हलक्या द्रव्यांचं हळूहळू उत्तम द्रव्य होतं, अशी समजूत होती. नैसर्गिक अमृत पृथ्वीच्या गर्भात पिकायला ४,३२० वर्षं लागतात, असं एका ग्रंथात आहे. हा आकडा कुठून आला? चिनी दिवसाचे बारा प्रहर, वर्षाचे ३६० दिवस, गुणाकार ४,३२०. म्हणजे भट्टी वर्षभर चालवली की तिच्यातला एकेक प्रहर पृथ्वीच्या एकेका वर्षाइतका होतो. मूस म्हणजे छोटं ब्रह्मांड, आणि किमयागार त्यात काळ आटवतो आहे. म्हणून कोळसा तागडीत तोलून घालायचा, ऋतू चढावेत तसा वाढवत न्यायचा आणि उतरावेत तसा कमी करायचा. (४३२ पाहून कलियुगाची ४,३२,००० वर्षं आठवली असतील. मलाही आठवली. बारा आणि ३६० ज्यांच्या ज्यांच्या पंचांगात आहेत त्यांना हा आकडा भेटतोच. त्यावरून कोणी कोणाकडून घेतलं हे ठरवू नये.) ज्या वस्तूत हजारो वर्षं कोंडली आहेत ती खाल्ली की ती वर्षं आपली, असा तो विचार. कधी कधी वाटतं, त्यांना गोळीपेक्षा ही प्रक्रिया पाहण्यातच अधिक रस असावा. खुद्द ग हुंग कबूल करतो की सामान आणायला पैसा नसल्यामुळे त्याला मोठे प्रयोग करताच आले नाहीत. म्हातारपणी त्याने दूर दक्षिणेला, आजच्या व्हिएतनामच्या बाजूला, साधी अधिकाऱ्याची जागा मागितली. कारण तिथून हिंगूळ येतो असं ऐकलं होतं. वाटेत ग्वांगझौला त्याला थांबवून घेतलं आणि तो लुओफू डोंगरावर राहिला.

आता मुख्य प्रश्न. लोक मरताना दिसत होते, तर थांबले का नाहीत?

पहिलं उत्तर: मरण हा अपयशाचा पुरावा मानलाच जात नव्हता. ‘शव-मुक्ती’ नावाची कल्पना होती. कात टाकल्यासारखं शरीर मागे ठेवून सिद्ध निघून जातो. तुम्ही ज्याला प्रेत म्हणता ती त्याची कात. वेय बोयांग या किमयागाराची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याने गोळी केली आणि आधी कुत्र्याला दिली. कुत्रं मेलं. तो स्वतः खाऊन मेला. एका शिष्याने गुरूवर श्रद्धा ठेवून खाल्ली, तोही मेला. उरलेले दोघे म्हणाले, असं अमरत्व नको बुवा, आणि शवपेट्या आणायला गावात गेले. मागे गुरू उठला, शिष्याला आणि कुत्र्याला उठवलं, तिघेही अमर होऊन निघून गेले आणि त्या दोघांना आभाराची चिठ्ठी पाठवली. या गोष्टीत शहाणपणाने वागलेले दोघेच फसलेले आहेत. अशा गोष्टींवर वाढलेल्या माणसाला प्रेत दाखवून तुम्ही काय पटवणार? ५१६ साली चौ झलियांग नावाचा विशीतला तरुण, देवांनी आपल्याला वर बोलावलं आहे असे दृष्टांत लिहून ठेवून, औषध घेऊन गेला. त्याचा गुरू थाओ हुंगचिंग हा त्या काळातला सर्वांत चिकित्सक औषधीतज्ज्ञ. त्याने ते कागद संपादित करून सम्राटाकडे पाठवले. शिष्य मेला म्हणून नव्हे, वर गेला म्हणून.

दुसरं: विषबाधेच्या खुणा आधीच ग्रंथात लिहिलेल्या होत्या, पण गुण आल्याच्या खुणा म्हणून. अंगावर मुंग्या चालल्यासारखं वाटेल, हातापायांना सूज येईल, अन्नाचा वास नकोसा होईल, उलट्या होतील, डोकं आणि पोट दुखेल. घाबरू नका, औषध रोग बाहेर काढतं आहे. मी हे वाचलं तेव्हा थांबून पुन्हा वाचलं. यातली जवळपास प्रत्येक ओळ सोमल आणि पारा यांच्या विषबाधेत बसते. आणि ‘आधी त्रास वाढेल, मग बरं वाटेल’ हे वाक्य आजही किती दवाखान्यांत ऐकू येतं, ते सांगायला नको.

तिसरं: प्रयोग करून पाहिला तरी त्यातून पळवाट होती. उत्तर वेईच्या सम्राट दाओवूने ३९८नंतर राजधानीत अमृतं करण्यासाठी खातंच उघडलं आणि गोळ्या देहांताची शिक्षा झालेल्या कैद्यांवर तपासल्या. जवळपास सगळे मेले. इतिहासात कारण नोंदलं आहे: त्यांची मनापासून इच्छा नव्हती, म्हणून गुण आला नाही. अपयश आलं तर हिंगूळ हलका, दिवस चुकला, व्रत मोडलं, कोणीतरी पाहिलं. औषध कधीच चुकत नाही. गुप्ततेचा व्यावहारिक उपयोग म्हणालो तो हाच.

चौथं म्हणजे दरबार, आणि इथे थांग घराण्याचा (६१८ ते ९०७) काळ बघावा. श्येनत्सुंग सम्राटाला ल्यू मी नावाचा किमयागार भेटला. थियानथाय डोंगरावर दिव्य वनस्पती आहेत, मला तिथला जिल्हाधिकारी करा, असं तो म्हणाला. मंत्री म्हणाले, अशा माणसाच्या हाती रयत कधी कोणी दिली नाही. सम्राटाचं उत्तर: एका जिल्ह्याच्या कष्टाने राजाला दीर्घायुष्य मिळत असेल, तर सेवकांनी कुरकुर का करावी? वर्षभर लोकांना डोंगरात राबवूनही काही मिळालं नाही तेव्हा ल्यू मी पळाला, पकडला गेला आणि तरी पुन्हा दरबारात घेतला गेला. फेय लिन या अधिकाऱ्याने अर्ज केला की जो औषध करतो त्यानेच ते आधी वर्षभर घ्यावं, म्हणजे खरं-खोटं कळेल. औषधाच्या चाचणीबद्दल इतकी सरळ सूचना त्या काळात मला दुसरीकडे दिसली नाही. बक्षीस म्हणून त्याची पदावनती झाली.

श्येनत्सुंग गोळ्या घेत राहिला. चिडचिड वाढली, तहान वाढली, साध्या चुकीवरून सेवकांवर खेकसणं, शिक्षा. वैद्य म्हणून मला यात राजाचा स्वभाव दिसत नाही. पाऱ्याची बाधा मज्जासंस्थेवर अशीच दिसते: संताप, थरथर, झोप उडणं, लोकांसमोर संकोच आणि एकदम भडका. महालातले खोजे जिवाच्या भीतीने वावरू लागले आणि ८२० साली तो अचानक मेला. एका खोजाने मारलं हे उघड गुपित होतं. पुढचा सम्राट मूत्सुंग याने ल्यू मीला फटके मारून संपवलं. आणि चार वर्षांनी तो स्वतः, ८२४ मध्ये, अशाच गोळ्यांनी गेला. नंतर वूत्सुंग ८४६ मध्ये, शुआनत्सुंग ८५९ मध्ये. वडिलांचं उदाहरण डोळ्यांसमोर असलेली ही माणसं आहेत.

त्याच सुमारास हान यू या लेखकाने भावाच्या नातजावयाचा मृत्युलेख लिहिला. तो जावई ली यू ८२३ मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याचं औषध कसं करत तेही लेखात आहे: भांड्यात शिसं भरायचं, मधे खळगा करून त्यात पारा ओतायचा, चारी बाजूंनी बंद करून तापवायचं, ‘हिंगूळ’ होईतो. पाहा, इथेही गंधक नाही. म्हणजे मिळणारी लाल वस्तू हिंगूळ नव्हे, पारा आणि शिसं यांचे ऑक्साइड. चार वर्षं शौचावाटे रक्त जाऊन तो मेला. हान यू पुढे आपल्या ओळखीच्या अशा बळींची यादीच देतो. त्यातला एक बडा अधिकारी म्हणे, डोक्यापासून खाली तापलेली लोखंडी सळई आरपार गेल्यासारखं वाटतं, मरण द्या. त्याच्या बिछान्यावर पारा सापडत असे. दहाएक वर्षं रक्त ओकत तो गेला. तेव्हा ‘कोणाला कळलंच नाही’ असं नाही. कळलेले होते, लिहिणारेही होते. फक्त गोळी घेणाऱ्याला वाटे, त्यांची कृती चुकली, माझी बरोबर आहे.

या सगळ्यांत मला आवडतो तो उत्तर छी घराण्याचा सम्राट वनश्वान. दारुडा, क्रूर, पण या बाबतीत पक्का. त्याच्यासाठी अमृतवटी सिद्ध झाली, त्याने ती जेडच्या डबीत ठेवली आणि म्हणाला, मला अजून या जगातल्या मजा हव्यात, इतक्यात आकाशात उडायचं नाही. मरायला टेकलो की घेईन. ५५९ मध्ये, चौतीस वर्षांचा व्हायच्या आतच, तो दारूने गेला.

थोतांड होतं का? भोंदू होते, भरपूर. पण भोंदूला वजनं करायची गरज नसते. आठव्या शतकातला छेन शाओवेय लिहितो की उत्तम प्रतीच्या एक चिनी शेर, म्हणजे सोळा ल्यांग, हिंगुळातून चौदा ल्यांग पारा निघतो. आजच्या हिशोबाने शुद्ध हिंगुळात पारा ८६.२ टक्के, म्हणजे सोळाला १३.८. मातीच्या भांड्यांवर आणि हातातल्या तागडीवर एवढा जवळचा आकडा! आमच्या विद्यार्थ्यांचा उतारा बहुतेकदा याहून कमी भरतो. थाओ हुंगचिंगने सोऱ्यासारख्या दिसणाऱ्या क्षारांतून खरा सोरा ओळखायची खूण दिली आहे: जाळला की जांभळट ज्वाळा. पोटॅशियमची ज्वाला-परीक्षा आजही शाळेत तशीच घेतात. नवव्या शतकाच्या सुमाराचा एक ग्रंथ तर बजावतो की गंधक, मनशीळ (आर्सेनिकचं लाल खनिज), सोरा आणि मध एकत्र तापवू नका. काहींचे हात-तोंड भाजलं आणि घर जळून गेलं. बंदुकीच्या दारूची ही जन्मनोंद. अमर व्हायला निघालेल्यांच्या हाताला ती लागली, आणि चिनी भाषेत तिचं नाव आजही ‘अग्नि-औषध’ आहे. १०४४च्या लष्करी संग्रहात तिचे पाठ छापील शिस्तीत आले.

वस्तूही सापडल्या आहेत. १९७० मध्ये शिआनजवळ हजिया गावात थांग काळाचा पुरलेला खजिना निघाला. त्यात चांदीच्या डब्यांत हिंगूळ होता आणि झाकणांवर शाईने प्रत आणि वजन लिहिलेलं होतं, एखाद्या जुन्या काष्ठौषधीच्या दुकानासारखं. डाळिंबाच्या आकाराच्या चांदीच्या सुरयाही होत्या. ल्वोयांगला २०१८ मध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यात काशाचं भांडं निघालं, त्यात साडेतीन लिटर द्रव. वासावरून आधी मद्य वाटलं. प्रयोगशाळेत तपासलं तर सोरा आणि तुरटीच्या खनिजाचं पाणी, जुन्या ताओ ग्रंथांत सांगितलेलं आयुष्यवर्धक पेय.

थांग गेल्यावर भट्ट्या हळूहळू थंडावल्या. शिसं, पारा, मूस, अग्नी हे शब्द तसेच राहिले आणि पोटातली जागा, श्वास, चित्त यांना लावले गेले. त्याचा इथे विस्तार करत नाही. तो माझा विषय नाही.

नात्याबद्दल. हिंगूळ, पारा, गंधक, अभ्रक, हरताळ, मनशीळ ही द्रव्यं दोन्हीकडे तीच, उपकरणं चुलत भावांसारखी. संस्कृतात शेंदराला ‘चीनपिष्ट’ म्हणत, तेव्हा माल येत-जात होता हे नक्की. पण आपलं रसशास्त्र ग्रंथरूपाने भरात आलं ते थांगच्या नंतर, आणि आपल्याकडे भर पाऱ्याचे संस्कार आणि रोगावर उपयोग यांवर अधिक राहिला. कोणी कोणाकडून उचललं, यावर छातीठोक बोलणाऱ्यांपासून मी लांब राहतो. आणि ‘आमचं शास्त्रोक्त, म्हणून निर्धोक’ असं म्हणणाऱ्या माझ्याच व्यवसायबंधूंपासूनही. हान यूच्या यादीतला प्रत्येक जण तेच म्हणत होता. माझ्या हातचं पाऱ्याचं औषध तुकडीगणिक प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय मी देत नाही. घरी हिंगूळ तापवून बघू का, असं विचारणाऱ्यांना उत्तर एकच: नाही. गिळलेला द्रव पारा आतड्यातून फारसा शोषला जात नाही, पण त्याची वाफ फुप्फुसातून जवळपास ऐंशी टक्के रक्तात जाते.

एक धागा मात्र पक्का आहे. महाराष्ट्रात पुलकेशीचं राज्य पाहून गेलेल्या ह्युएन त्संगचं ६४५ मध्ये ज्याने स्वागत केलं, त्या थायत्सुंग सम्राटाचा राजदूत वांग श्वानत्स ६४८ मध्ये भारतातून परतला. त्याच्याबरोबर नारायणस्वामी नावाचा ब्राह्मण होता (चिनी लिपीतल्या उच्चारावरून हे नाव जुळवलेलं आहे). आपलं वय दोनशे वर्षं, असं तो सांगे. सम्राटाने त्याला भट्टी दिली, सामान गोळा करायला देशभर माणसं पाठवली. भारताच्या डोंगरांत एक पाणी आहे, ते लाकूड, लोखंड, माणसाचा हात, काहीही विरघळवतं, हेही त्याने सांगितलं आणि एका चिनी लेखकाने ते टिपून ठेवलं. त्यात तेजाबाची चाहूल लागते. ६४९ मध्ये थायत्सुंग गेला. वैद्यांना काही सुचेना. ब्राह्मणाला ठार करा असं दरबारात ठरत होतं, पण परदेशी लोक आपल्याला हसतील म्हणून ते राहून गेलं.

नवा सम्राट गाओत्सुंग गादीवर आल्यावर तो ब्राह्मण पुन्हा राजधानी छांगआनला हजर झाला. त्याला परत पाठवलं, तेव्हा वांग श्वानत्स हळहळला: याला खरंच विद्या येते, घालवू नका. गाओत्सुंग मंत्र्यांना म्हणाला, न मरणारी माणसं असतीलच तर ती आहेत कुठे? त्यावर म्हातारा सेनापती ली जी म्हणाला, हा ब्राह्मण यावेळी आला तेव्हा मागच्यापेक्षा याचे केस जास्त पिकले आहेत, चेहरा उतरला आहे.

नारायणस्वामी भारतात पोहोचलाच नाही. छांगआनमध्येच वारला.